काकांसाठी वेगळी लिंक

सूड घ्यायला माणसं कोर्टात जातात, बांध कोरतात, लग्नाच्या पत्रिका परत पाठवतात. मी फक्त एक ओळ लिहायची राहू दिली. मुद्दाम राहू दिली. त्याबद्दल मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझा पश्चात्ताप कधी येतोय याची कुणी वाट बघत बसायला नको.

मी महाडात राहते. औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर टायरच्या दुकानाच्या माडीवर आमचं छोटं ऑफिस आहे. तिथे आम्ही वेबसाइट बनवतो. केमिकल कारखाने, ट्रान्सपोर्टवाले, एखादं मंगल कार्यालय, जो येईल त्याची. खिडकी उघडली की शिफ्टच्या बसेसचा धूर आत येतो आणि बंद केली की आम्ही उकडून निघतो, त्यामुळे दिवसभर खिडकीवरून भांडणं चालतात. माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत. आई तिथे एकटी राहते. आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त दारांना वर्षभर कुलूप असतं, कारण माणसं मुंबईला. ती कुलपं शिमग्यात निघतात.

शिमग्यात आमच्याकडे देवाची पालखी घरोघर येते. अंगणात आली की घरची बाई पाट मांडते, त्याशिवाय पालखी खांद्यावरून खाली उतरत नाही. मग गाऱ्हाणं घालतात. म्हणजे मानकरी देवाला मोठ्याने सांगतो की बाबा, अमक्याचं हे घर, त्याला सुखी ठेव, गुराढोरांना, लेकरांना सांभाळ. प्रत्येक वाक्याला सगळे मिळून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ओटी भरतात, नारळ ठेवतात, पालखी पुढच्या घरी जाते. सगळं मिळून थोडाच वेळ लागतो. पण ज्या दारात पालखी बसली नाही, ते घर त्या वर्षी वाडीत धरलं जात नाही. तसं कुणी तोंडाने म्हणत नाही, एवढंच.

बाबा गेले त्या वर्षी पालखी आली नाही. दुःखाचं वर्ष होतं, रीतच आहे. पुढच्या वर्षी आईने अंगण सारवलं, रांगोळी काढली, पाट धुऊन दारात ठेवला आणि ओटीचं ताट घेऊन उभी राहिली. मी तिच्या शेजारी होते. ढोल जवळ आला. पालखी आमच्या अंगणाच्या दगडी कुंपणापाशी, गडग्यापाशी आली, आणि पुढे गेली. मला वाटलं, वळून येतील. आईलाही तसंच वाटलं असावं, कारण ती ताट धरून तशीच उभी राहिली. पालखीच्या पुढच्या दांड्याखाली काका होते.

हे काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. वाडीच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष, गाऱ्हाण्याचा मान त्यांच्याकडे. मुंबईत एका कचेरीत कारकून आहेत, पण वाडीत आले की चालण्यातच कलेक्टर शिरतो. पालखी पुढच्या अंगणात टेकली तेव्हा आई ताट घेऊन तिथवर गेली आणि तिने विचारलं. काका सगळ्यांसमोर म्हणाले, “वयनी, घरात पुरुष नाय. गाऱ्हाना कोनाच्या नावानं घालू?”

बाकीच्यांनी नारळ पुढे सरकवायला घेतले. बाबांच्या पंगतीला जेवलेली माणसं होती ती. आई परत आली, तिने पाट उचलून भिंतीला उभा केला आणि केलेल्या पोळ्या शेजारच्या घरी देऊन टाकल्या. त्याच्या पुढच्या वर्षी तिने पुन्हा अंगण सारवलं. तेव्हा तर काकांनी मान वळवून बघितलंही नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण आईने माझा दंड धरून ठेवला होता आणि तिची बोटं मला सोडवेनात.

मी विसरणाऱ्यांतली नाही. लहानपणी माझी दौत सांडणाऱ्या पोरीशी मी शाळा संपेपर्यंत बोलले नव्हते. काकांच्या बाबतीत तर मी डूख धरला, आणि तो नीट जपला, लोणच्याच्या बरणीला जपावं तसा, पाणी लागू न देता.

मग काकांचाच फोन आला. झालं होतं असं की, आता मुंबईकर सगळे शनिवार-रविवार बघून येतात. प्रत्येकाला पालखी आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी हवी, पाहुण्यांसमोर, लायटिंगमध्ये. त्यावरून मागच्या शिमग्यात दोन घरांत हातघाई झाली होती. मंडळाने ठरवलं की जुना क्रम सोडायचा आणि वेबसाइटवर पान करायचं. प्रत्येक घराने ठरल्या वेळी पान उघडून आपली वेळ दाबायची. जो आधी दाबेल त्याची ती वेळ, पानावर लागलं ते लागलं, मागून कुरकुर चालणार नाही. हा नियम काकांनीच सभेत मांडून पास करून घेतला होता. पान मी करायचं. “घरचाच काम हाय गो,” ते म्हणाले. पालखीला जे घर चालत नाही ते अशा कामाला मात्र चालतं.

त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर घरांची यादी पाठवली. आमचं घर नव्हतं. मी फोन करून विचारलं, अगदी गोड आवाजात. तुमच्याकडे पालखी बसत नाही, तर वेळ कशाला हवी, असं त्यांनी मलाच विचारलं. बरं, म्हटलं. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि खरं काम सांगितलं. पान कामाच्या वारी, दुपारच्याला उघडायचं. तेव्हा वाडीची बाकी मुंबई कुठे असते? कोण टेम्पोवर, कोण हॉटेलात भांडी घासतंय, कोण गोदीत. काका मात्र कचेरीत कॉम्प्युटरसमोर. शिवाय अध्यक्षांसाठी वेगळी लिंक हवी, ती सगळ्यांच्या जरा आधी उघडली पाहिजे. याची वाच्यता कुठे करायची नाही.

मी दोन्ही गोष्टींना हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मी खिडकी उघडली आणि कुणाशीही न भांडता ती तशीच ठेवली. हा माणूस स्वतःच्या पायाने माझ्या दुकानात आला होता.

आता इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. पान उघडताना त्याला दुरून माहिती आणावी लागते आणि आमच्याकडचं नेट कसं आहे ते सगळ्यांना माहीत आहे. तेवढ्या वेळात माणूस बटणं बडवत सुटतो. म्हणून जावास्क्रिप्टमध्ये दोन ओळी लिहितात. पान यायला लागलं की माउसच्या बाणाचं फिरतं चक्र करायचं, ही एक. सगळं येऊन पोचलं की चक्राचा पुन्हा बाण करायचा, ही दुसरी. चक्र ही नुसती खूण असते. ते फिरत असताना बटण दाबलं तर बटण दाबलं जातं, कुणी अडवत नाही. पण बघणाऱ्याला वाटतं की आत काहीतरी चाललंय, आपण थांबावं.

ही खूण किती जोरदार आहे ते मला वसाहतीतल्या एका कारखान्यात कळलं होतं. तिथल्या स्टोअरच्या बाबूंनी तक्रार केली की आमचं पान उघडतच नाही. मी स्कूटर काढून गेले. बाबू दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसले होते. पान कधीच आलेलं होतं, सगळा माल त्यावर दिसत होता. पण काही कॉम्प्युटरवर असं होतं की माउस जरासा हलवल्याशिवाय चक्राचा बाण होत नाही. आणि बाबू माउसला हात लावेनात, कारण जुन्या साहेबांनी शिकवलं होतं की चक्र फिरत असताना हात लावला की मशीन बिघडतं. मी बोटाने माउस ढकलला. बाण आला. बाबूंनी मला चहा पाजला.

हीच शिकवण काकांची. दरवर्षी देवळाच्या ओट्यावर बसून ते वाडीला कॉम्प्युटर समजावून सांगत. मोबाइल म्हणजे पोरखेळ, खरी कामं कॉम्प्युटरवर. आणि गोल फिरायला लागला की हात मागं घ्यायचा, तो मशीनचा इचार करायचा टाइम असतो. आमच्या कचेरीत नवीन पोरं घाई करतात आणि सिस्टम हँग करतात, मी एकटा थांबतो. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की वाडीतल्या म्हाताऱ्यांनाही पाठ होतं.

मी सगळ्यांसाठी पान केलं ते चोख केलं. मोबाइलवर माउसच नसतो, त्यामुळे चक्राचा प्रश्नच नव्हता. पान यायचं, वेळा दिसायच्या, बोटाने दाबलं की झालं. यादीत आमचं घरही घातलं. मग काकांची वेगळी लिंक करायला बसले. आधी डोक्यात बरेच चावट विचार आले. बाणाच्या जागी गाढवाचं चित्र टाकावं, असंही वाटलं. कर्सरला चित्र लावता येतं. पण त्यातून माझं समाधान झालं असतं आणि त्यांचं नुकसान काहीच झालं नसतं, म्हणून ते सोडलं. शेवटी मी सगळं इतरांच्या पानासारखंच ठेवलं. पहिली ओळ लिहिली. बाणाचं चक्र. बाण बटणावर नेला की त्याचं आपोआप हाताचं चित्र होतं, तेही होऊ नये म्हणून चक्र पूर्ण पानाला लावलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. दुसरी ओळ लिहिली नाही. माझ्या मशीनवर तपासून बघितलं. चक्र फिरत होतं आणि बटणं व्यवस्थित चालत होती. काकांनी कुठेही एकदा दाबलं असतं तर त्यांची वेळ लागली असती. त्यांना मी अडवलं असं कुणी म्हणू शकणार नाही. लिंक सगळ्यांच्या आधी उघडेल असा शब्द दिला होता, तोही मी पाळला.

त्या दुपारी आईला मी पोलादपूरला एसटी स्टँडजवळ माझ्या मैत्रिणीच्या दुकानात बसवलं होतं, कारण वाडीत रेंज पाण्याच्या टाकीपाशीच तेवढी लागते. आईला फक्त सांगितलं होतं की एक काम आहे, फोन घेऊन ये. दाबायचं मैत्रीण दाबणार होती.

काकांची लिंक उघडली आणि त्यांचा फोन आलाच.

“फिरतंय गो,” ते म्हणाले.

“फिरू दे काका. माहिती भरपूर आहे, वेळ लागणार. हात लावू नका.”

“मी कशाला लावतोय? मला काय नवीन हाय?” ते दुखावल्या आवाजात म्हणाले.

मी फोन कानाला धरून ठेवला. तेवढ्यात सगळ्यांचं पान उघडलं आणि माझ्यासमोर दुसऱ्या पडद्यावर वेळा भरत चालल्या. गोदीतल्या माणसाने दाबली, टेम्पोवाल्याने दाबली, दुबईला असलेल्या एकाने तिथून दाबली. शनिवारची संध्याकाळ पोलादपूरच्या दुकानातून लागली. काका मला मधूनमधून सांगत होते की अजून फिरतंय, आणि मी मधूनमधून सांगत होते की होईल. त्यांच्या मागे कचेरीतला पंखा कुरकुरत होता. एकदा त्यांनी कुणालातरी दरडावलेलं ऐकू आलं, माउसला हात लावू नको म्हणून. मला हसू आवरेना, म्हणून मी फोनवर हात धरला. इतकं निर्मळ हसू मला बाबा गेल्यापासून आलं नव्हतं. मोबाइल पोरखेळ आहे म्हणून त्यांनी दुसरीकडे बघायचा प्रश्नच नव्हता, आणि मोबाइल तसाही माझ्याशी बोलण्यात अडकला होता.

शेवटी मी सांगितलं की काका, पान बंद करून पुन्हा उघडा, आणि तेवढ्यात त्यांच्या लिंकवर राहिलेली ओळ लिहून टाकली. बाण आला. तोवर उरली होती मंगळवारची भर दुपार, जेव्हा मुंबईकर कधीच परत गेलेले असतात आणि पालखीबरोबर ढोलवाले आणि चार म्हातारे उरतात.

संध्याकाळी ते चडफडत फोनवर आले. तुमचं घर यादीत कुठून आलं? मी म्हटलं, वाडीतलं घर आहे म्हणून आलं. पानाला घरात पुरुष आहे का ते विचारता येत नाही. मग माझी वेळ का गेली, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमच्या वेगळ्या लिंकचं काय झालं ते मंडळासमोर बघू या का, सगळ्यांना बोलावून. पानावर लागलं ते लागलं, हे त्यांनीच पास केलं होतं. मूग गिळून गप्प बसण्यावाचून त्यांना काही उरलं नव्हतं. वाडीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की अध्यक्षांनी मंगळवारची दुपार घेऊन मोठं मन दाखवलं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी पण एक टाकलं.

आईला मी रात्री फोन करून सांगितलं की पालखी येणार आहे, शनिवारी. कशी, ते तिने विचारलं नाही. तिने एवढंच विचारलं, “गाऱ्हाना कोन घालनार?”

काकाच घालणार, मान त्यांचा आहे, असं मी म्हटलं.

“बरा हाय,” ती म्हणाली.

माझ्या हिशेबी इथे सूड पुरा झाला होता. पालखी आमच्या दारात, काका दांड्याखाली, बाकीच्यांच्या डोळ्यांदेखत. मी शनिवारी महाडातून निघाले तेव्हा इतकी खुशीत होते की घाटाच्या अलीकडे थांबून स्वतःलाच कलिंगड खाऊ घातलं.

संध्याकाळी वाडी भरली होती. आमच्या अंगणात बल्ब लावले होते. ढोल गडग्यापाशी आला आणि या वेळी आत वळला. काका पुढच्या दांड्याखाली होते. आमच्याकडे गाऱ्हाणं घालणारा तो दांडा सोडत नाही. वय झालंय, घाम निथळत होता. आई दारात उभी होती. पाट तिच्या हातात होता. ओटीचं ताट मी धरलं होतं.

तिने पाट मांडला नाही.

मला वाटलं, भांबावली असेल. मी हळूच कोपर लावलं. ती हलली नाही. ढोल वाजून वाजून थांबला. पालखी खांद्यावरच होती, आणि सगळे तिच्या हातांकडे बघत होते.

“भावजी,” ती म्हणाली, “गाऱ्हाना कोनाच्या नावानं घालताव?”

काकांनी बाबांचं नाव घेतलं. त्यांच्या मनाने त्यांनी आधीच तोडगा काढून ठेवला होता, ते लगेच दिसलं.

“त्यांचा घालून झाला. त्यांना आता देवानं काय सांभालायचा? घरात मी हाय. माझ्या नावानं घाला.”

मागे कुजबुज झाली. एक म्हातारा काहीतरी म्हणायला लागला, तर त्याच्याच सुनेने त्याला गप्प केलं. काकांनी दांडा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. त्यांच्या मानेवरची शीर टरारली होती. मला आठवतं, मी त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होते, मला तो हवा होता. राग नव्हता. ते गोंधळले होते. मग ते पुढे वाकले आणि जेवढं हळू बोलता येईल तेवढं हळू म्हणाले, “वयनी, नाव काय तुमचा?”

ते आमच्या घरी माझ्या जन्माच्या आधीपासून जेवत होते. तिच्या हातची भाकरी खाऊनच मुंबईच्या पहिल्या नोकरीला गेले होते. वयनी, हिची आय, त्याची बायको, एवढ्यावर त्यांचं सगळं आयुष्य निभावलं होतं. मी मागे वळून बघितलं. अंगणातल्या कितीतरी माणसांच्या तोंडावर तोच प्रश्न होता. ज्या सुडाचा मला इतका अभिमान होता तो त्या क्षणी मला चिमुरडा वाटला.

आईने नाव सांगितलं. पहिलं नाव, नुसतं, पुढे मागे कुणाला न जोडता.

काकांनी गाऱ्हाणं सुरू केलं. नावापाशी आवाज पुटपुटण्यावर आला आणि पुढच्या चार जणांनीच ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. पालखी उतरायला सगळे वाकू लागले.

“मागं ऐकू नाय गेला,” आई म्हणाली.

पाट तिच्या छातीशीच होता. पालखी पुन्हा वर गेली. काकांनी श्वास घेतला आणि तिचं नाव मोठ्याने घेतलं. गडग्यापलीकडच्या माणसांनीही ‘व्हय म्हाराजा’ची हाळी दिली.

मग तिने पाट मांडला.